नॉब ऑफवर, त्यात कुलूप, आणि मीटर बीप करतोय

पॅनलमधला ब्रेकर (बिघाड झाला की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच) ट्रिप झालाय, म्हणजे स्वतःहून पडलाय, आणि परत चढतच नाही, एवढीच तक्रार होती. म्हटलं तासाभराचं काम असेल. प्रत्यक्षात दोन शटडाऊन (सप्लाय बंद ठेवून कामाला मिळणारा वेळ) गेले, आणि मधे माझ्याच हातून एक चूक अशी झाली की आठवली तरी अजून पोटात गोळा येतो.

आधी पॅनल कसं आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शेजारी शेजारी दोन एमसीसीबी (मोठे, बंद डब्यातले ब्रेकर), दोन्ही २५० अँपिअर, फोर पोल, म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रल असे चारही तोडणारे. डावा मेन सप्लायचा, उजवा जनरेटरचा, आणि दोघांचं आउटगोइंग खाली एकाच बसबारवर, म्हणजे पॉवर पुढे वाटणाऱ्या जाड पट्ट्यांवर. ब्रेकर आत मागच्या प्लेटवर आणि फिरवायचे नॉब बाहेर दारावर, मधल्या अंतरातून चौकोनी शाफ्ट जातो. आता ब्रेकरचा मूळ खटका असतो वरखाली चालणारा आणि नॉब फिरतो गोल, त्यामुळे ब्रेकरच्या तोंडावर एक मेकॅनिझम बसवलेलं असतं, शाफ्ट ९० अंश फिरला की त्यातली सरकपट्टी खटक्याला धरून वर नेते नाहीतर खाली आणते. आणि या दोन मेकॅनिझमच्या मधे एक आडवा रॉड आहे, तो इंटरलॉक. एक ऑन असला की रॉड दुसऱ्याच्या कॅमला (शाफ्टबरोबर फिरणाऱ्या तुकड्याला) अडवून धरतो. दोन्ही एकदम ऑन झाले तर काय होईल ते वेगळं सांगायला नको, दोन सोर्स सिंक्रोनाइझ न होता एकमेकांवर आदळणार, किंवा लाइन बंद असताना जनरेटरची पॉवर उलटी लाइनवर जाणार आणि तिकडे कुणीतरी लाइन मेली आहे असं समजून हात घालून बसलेला असणार.

तर डावा ट्रिप झाला होता. नॉब बरोबर मधे, ट्रिपच्या खुणेवर. ट्रिप झालेला एमसीसीबी थेट ऑन होत नाही, आधी पूर्ण ऑफकडे दाबायचा, आतला लॅच (अडकवणारी खीळ) बसला की मगच ऑन. इथे नॉब ऑफला जात होता, टोकाला टेकत होता, पण ऑनकडे फिरवला की नुसता ढिला जायचा, खटका काही बसायचा नाही. शिफ्टवाल्यांचं ठरलेलं, ब्रेकर गेला, नवीन मागवा.

आमचे एक सिनियर वायरमन आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते म्हणाले, "अरे ब्रेकर मेला का हँडल मेलं ते तरी बघ आधी."

मग शटडाऊन घेतला. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, ज्यांच्याकडे ऑटो स्टार्टचा जनरेटर आहे त्यांनी लक्षात ठेवा: वरचा मेन सप्लाय बंद केला की पॅनल मेलं असं नाही, उलट आपण बंद केला म्हणूनच जनरेटर आपणहून चालू होणार आणि दुसऱ्या बाजूने पॅनलमधे पॉवर आणणार. म्हणून वरचा आयसोलेटर (मागून येणारा सप्लाय तोडायचा स्विच) ऑफ करून कुलूप, जनरेटर कंट्रोलर ऑफ, आणि वर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवली. मग टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून बघितला, मग आपल्या टर्मिनलवर, मग परत चालू सप्लायवर. काकांना तिसरं लावणं चुकलेलं चालत नाही, टेस्टर मधेच मेला असेल तर?

दार उघडून नॉबची भानगड बाजूला ठेवली आणि ब्रेकरवरच्या शाफ्टला थेट पाना लावून ऑफकडे दाबला, टक्. मग ऑन, खाट्. ब्रेकर ठणठणीत. म्हणजे रोग मधल्या सांगाड्यात.

रिसेटला खटका ऑफच्या खुणेपर्यंत येऊन भागत नाही, तिथून अजून थोडा पुढे दाबावा लागतो, ते शेवटचे तीनचार मिलिमीटरच कामाचे असतात. आणि नेमके तेच हरवत होते. शाफ्ट मुळातच आखूड कापलेला, दाराच्या कपलिंगमधे (नॉबमागचा, शाफ्टला पकडणारा तुकडा) जेमतेम ५ मिलिमीटर शिरत होता, तेवढ्याशा पकडीवर वर्षानुवर्षं फिरून त्याचे कोपरे गोल झालेले. खाली मेकॅनिझमकडचा ग्रब स्क्रू (शाफ्टला आवळून धरणारा) ढिला. सरकपट्टी आणि खटका यांच्यातही थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल. प्रत्येक सांध्यात बघितलं तर दोनतीन अंश, कुणी म्हणणार नाही की हे खराब आहे, पण सगळ्यांची बेरीज झाली की नॉब दारावर टोकाला टेकलाय आणि आत खटका अजून रस्त्यातच आहे. ऑन ऑफ चालायचं कारण त्याला एवढी पूर्ण चाल लागत नाही. आतली स्प्रिंग मधला बिंदू ओलांडला की पुढचं काम स्वतः करते, हात हळू फिरवा की जोरात, कॉन्टॅक्ट त्यांच्याच वेगाने बसतात आणि सुटतात. रिसेटला मात्र स्प्रिंग मदतीला येत नाही, तिथे हातच पोचायला लागतो.

शाफ्ट आखूड का कापला असेल तेही मोजताना कळलं. दार उघडं ठेवून टेपने अंदाजे माप घेतलं की असंच होतं. दार बंद होऊन कडेची रबरी गॅस्केट दबली की अंतर बदलतं, त्यात आमचं दार बिजागरीवर थोडं खाली बसलेलं, म्हणजे शाफ्ट कपलिंगच्या मध्यावर येतच नाही.

मूळ शाफ्ट स्टॉकमधे नव्हता. आणि इथे मी हुशारी केली. त्याच मापाचा चौकोनी बार पडलेला होता, म्हटलं कापू, टोकाला पिनसाठी आडवं भोक पाडू, झालं काम. ही पिन कशाला असते तर चौकोनी शाफ्ट कपलिंगमधे चार तऱ्हेने जाऊ शकतो, आडवी पिन असली की ती कपलिंगच्या खाचेत एकाच दिशेने बसते आणि नॉबची खूण आणि ब्रेकरची स्थिती जुळून राहते. मी जुना शाफ्ट व्हाइसमधे, नवीन त्याच्या शेजारी धरला, पंच मारला, भोक पाडलं, कानशीने भोकाच्या कडेची बर (धारदार कोर) काढली, पिन ठोकली. लांबी अगदी वर्निअरने मोजून. छान बसला.

दार लावलं, तेही एकदम मऊ लागलं. नॉब ऑफवर. ऑफला नॉबमधून कुलूप घालायची जी पट्टी बाहेर येते ती ओढली, आली. कुलूप घातलं, बसलं. मी काकांना म्हटलं, "झालं बघा काका."

काका मीटर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप करणारा) घेऊन बाजूचं खालचं कव्हर काढून बसले होते. एक प्रोब इनकमिंगला, एक आउटगोइंगला. बीप.

मी म्हटलं प्रोब चुकलाय. त्यांनी दुसरा फेज धरला. बीप. तिसरा. बीप. न्यूट्रलसुद्धा. काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मग त्या कुलुपाकडे.

पॅनल मेलेलं होतं म्हणून नुसती बीप, एवढंच. नॉब ऑफ दाखवतोय, त्यात कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, आणि ब्रेकर चारही पोलवर पूर्ण ऑन आहे. दार लावायच्या आधी मी ट्रायल म्हणून ब्रेकर ऑन करून ठेवला होता आणि विसरलो होतो. तरी नीट शाफ्ट असता तर ऑन ब्रेकरवर ऑफमधला नॉब बसलाच नसता, पिन खाचेत गेली नसती, दार आडलं असतं. माझा बसला कारण भोक शेजारच्या बाजूंवर पडलं होतं, बरोबर ९० अंश चुकून. बार हातात फिरला असणार पंच मारताना. कुलूप काढून नॉब फिरवून बघितला तर हलतच नव्हता, कारण आत शाफ्ट आधीच ऑनच्या टोकाला होता. आपण काय केलं असतं, म्हटलं असतं नवीन आहे, जरा जाम असेल, आणि जोर लावला असता.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा जास्त लागलं ते वेगळंच. आयईसी ६०९४७ या आंतरराष्ट्रीय मानकात आयसोलेशनसाठी (सप्लाय खात्रीने तोडण्यासाठी) योग्य म्हणून ज्या ब्रेकरवर चिन्ह असतं त्याची एक परीक्षा आहे, कॉन्टॅक्ट मुद्दाम बंद स्थितीत धरून ठेवायचे, जणू वेल्ड झालेत, आणि हँडलवर नेहमीच्या तिप्पट जोर लावायचा (त्याला वरखाली मर्यादा आहेत). तरी हँडलने ऑफ दाखवता कामा नये आणि त्यात कुलूप बसता कामा नये. एवढी मेहनत कशासाठी, तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाला नॉबवर भरवसा ठेवता यावा म्हणून. आणि मी मधे हातभर लोखंडी बार घालून ते सगळं बाद केलं होतं. कंपनीने तपासून दिलेला असतो तो अख्खा संच, ब्रेकर ते नॉब. मधला एक तुकडा आपला घातला की ती हमी तिथेच तुटली.

मी म्हटलं शेजारच्या बाजूंवर दुसरं भोक पाडतो. काका म्हणाले, एका जागी चार भोकं आणि त्यावर रोज पीळ, नको. मग जुनाच शाफ्ट परत घातला, पाना लावून ब्रेकर रिसेट केला, आणि दारावर पाटी लावली: ट्रिप झाल्यास रिसेट होणार नाही, हा नॉब खरं सांगेल असं नाही, टेस्टर लावा. साहेबांना ती पाटी अजिबात आवडली नाही. मूळ शाफ्ट येईपर्यंत तशीच राहिली.

दुसऱ्या शटडाऊनला ओरिजिनल शाफ्ट, कपलिंग, ग्रब स्क्रू सगळं नवीन. लांबी दार लावलेल्या स्थितीत घेतली, दाराच्या भोकातून पट्टी आत घालून. हे पटकन झालं. वेळ खाल्ला इंटरलॉकने.

आडव्या रॉडच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात, एकीकडे उजवा एकीकडे डावा, त्यामुळे रॉड काढायची गरज नाही, मधेच धरून फिरवला की लांब किंवा आखूड होतो, मग दोन्हीकडचे चेकनट (रॉडला जागेवर धरणारे नट) आवळायचे. जरा लांब झाला तर एक ऑफ असूनही दुसरा फिरत नाही, दोघंही अडून बसतात. हे त्रासाचं आहे पण धोक्याचं नाही. जरा आखूड झाला तर दुसरा नॉब थोडा फिरतो. आणि प्रश्न तिथेच येतो, किती फिरला तर चालतो? कुठलाही इंटरलॉक शून्यावर अडवत नाही, थोडी हालचाल राहतेच. आमच्या ब्रेकरमधे नॉब साधारण दोन तृतीयांश फिरला की स्प्रिंग मधला बिंदू ओलांडून कॉन्टॅक्ट फाडकन बसतात. म्हणजे अडवणूक त्याच्या बरीच आधी व्हायला पाहिजे, आणि ती सुद्धा नॉबवर माणूस चिडून जोर लावत असताना, नुसत्या बोटाने फिरवून नाही. नॉबभोवती मास्किंग टेप लावून त्यावर मार्करने खुणा केल्या, मीटर बीपवर ठेवला, बीप कुठे वाजतो तिथे एक खूण, अडतो कुठे तिथे दुसरी. पाव फेरा रॉड फिरव, चेकनट आवळ, परत बघ. चेकनट आवळताना रॉड स्वतःच थोडा फिरतो हेही तिसऱ्या खेपेला कळलं, मग दोन पाने.

मग तपासणी. डावा ऑन, उजवा जोर लावून बघ. उजवा ऑन, डावा जोर लावून बघ. दोन्ही ऑफ, मग कुठलाही एक सहज फिरला पाहिजे. प्रत्येक वेळी मीटर, नॉबकडे बघायचंच नाही. ट्रिपचं बटण दाबून नॉब मधे येतो का, रिसेट होतो का. आणि नॉब ऑनला घट्ट धरून ठेवून ट्रिप दाबायचा, कॉन्टॅक्ट तरीही सुटलेच पाहिजेत. ट्रिप फ्री म्हणतात ते हे.

यावरून आठवलं, लहान डीबीत (वितरणाच्या पेटीत) लोक तीन सिंगल पोल एमसीबींच्या (छोट्या ब्रेकरच्या) खटक्यांतून तार ओवतात आणि म्हणतात थ्री पोल झाला. नाही होत. हाताने तिन्ही एकदम ऑफ होतील, पण एकच ट्रिप झाला तर बाकीचे दोन त्याच्यामागे येतीलच असं नाही, कारण तो आतून सुटतो, खटका धरून ठेवला तरी सुटतो, त्या अर्ध्या ताकदीने तारेने शेजाऱ्याला ओढून नेणं त्याच्याकडून होत नाही. खऱ्या थ्री पोलमधे आत एकच ट्रिप बार असतो.

शेवटी दोन्ही नॉब वीसवीस वेळा फिरवले, नटांवर पेंटची रेघ मारली म्हणजे ढिले झाले तर दिसेल, बॅटरीची केबल जोडली, कुलपं काढली. पाटी मी काढायला गेलो तर काका म्हणाले, खालची ओळ राहू दे. वरच्या दोन कापल्या, "टेस्टर लावा" एवढंच ठेवलंय. डाव्या नॉबला अजून जरा जोर लागतो, दाराच्या वरच्या बिजागरीत एक वॉशर टाकायचाय, पुढच्या शटडाऊनला.