डोक्यात एका वेळी चारच गोष्टी मावतात, त्याचं काय करायचं ते बोला

फोकस वाढवायचे व्हिडिओ बघून बघून वैताग आला म्हणून हे लिहितोय. सगळ्यांचं रडगाणं एकच, पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, मनावर ताबा मिळवा. अरे पण मिळवला ताबा, तरी डोक्यात मावतं किती हे आधी बघाल की नाही?

यावर काम खूप जुनं आहे. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहिलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी लक्षात धरतो, दोन इकडे दोन तिकडे. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान म्हणाला की मनात घोकायची सोय काढून घेतली तर आकडा चारच्या आसपासच येतो. चार! सहा आकडी ओटीपी मेसेजमधून पोर्टलवर टाकेपर्यंत आपण तोंडातल्या तोंडात घोकत असतो ना, तेवढ्यात कुणी नुसतं 'जेवलास का' विचारलं की खेळ खल्लास.

मग दहा आकडी मोबाइल नंबर कसा लक्षात राहतो? तर गठ्ठे करून. आपण पाच-पाच करून नंबर सांगतो, आणि कुणी तोच नंबर तीन-चार-तीन असा तोडून वाचून दाखवला तर क्षणभर आपलाच आहे की नाही कळत नाही.

यातला मला सगळ्यात भारी वाटलेला किस्सा म्हणजे १९८० सालचा, अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पोराचा. सुरुवातीला तो सगळ्यांसारखाच सात आकडे लक्षात ठेवायचा, आणि दीड-पावणेदोन वर्षं सराव केल्यावर ७९ आकडे एका दमात ऐकून परत म्हणून दाखवायला लागला. पोरगा धावपटू होता. ३४९२ ऐकलं की तो मनात म्हणायचा ३ मिनिटं ४९.२ सेकंद, एक मैल, जवळपास वर्ल्ड रेकॉर्ड. म्हणजे चार आकड्यांचा एकच गठ्ठा. पण खरी गंमत पुढे आहे, त्यालाच आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर गाडी परत सहावर! म्हणजे डोकं हा स्वयंपाकघराचा ओटा धरला, तर ओटा वन बीएचकेचाच राहिला, फक्त एका विषयापुरती त्याला भांडी एकात एक घालून ठेवायला जमायला लागली. मेमरी वाढवतो म्हणून अ‍ॅप विकणाऱ्यांनी हा किस्सा जरूर वाचावा.

आता माझं काम बघा. मी अकाउंट्सवाला, ११ तारखेला जीएसटीआर-वन म्हणजे जीएसटीचं विक्रीचं रिटर्न आणि २० ला थ्रीबी म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, बाकी महिना त्याच्या आजूबाजूला. टूबी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आणि आपलं परचेस रजिस्टर जुळवताना डोक्यात काय काय असतं, पार्टी कोण, बिल नंबर काय, टॅक्सेबल रक्कम किती, परराज्यातल्या मालाचा आयजीएसटी लागलाय की राज्यातल्याचा सीजीएसटी-एसजीएसटी. झाले चार, हाउसफुल्ल. त्यात सप्लायरने बिल नंबर टाकलेला असतो एबी/४५/२४-२५ आणि आपल्याकडे एंट्री झालेली असते नुसती ४५ म्हणून, आणि नेमका तेव्हाच क्लायंटचा फोन, 'साहेब चलन किती भरायचं?' फोन दोन मिनिटांचा पण परत लाइनवर यायला पुढची बरीच मिनिटं जातात, कारण डोक्यातलं अर्धं अजून फोनवरच असतं. सोफी लेरॉय नावाच्या बाईंनी २००९ मध्ये हेच दाखवलं, आधीचं काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग मागेच चिकटून राहतो आणि नवं काम कच्चं होतं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी उपायही सांगितला आणि तो फारच साधा आहे, उठायच्या आधी कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं एवढं लिहून ठेवा. म्हणून मी फोन वाजला की आधी खरडतो, 'पाइपवाला, ४५ जुळलं, पुढे क्रेडिट नोट बघ', आणि मगच हॅलो. दोन रिंग जास्त वाजल्या तर वाजू देत, क्लायंट पळून जात नाही.

दुसरी सवय रक्कम मोठ्याने वाचायची. आपल्याकडे रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट सिग्नल दिसला की एकमेकांना मोठ्याने सांगतात ते उगीच नाही. जपानमध्ये तर बोट दाखवून बोलायची पद्धत आहे, १९९४ च्या तिथल्या रेल्वेच्या एका प्रयोगात त्याने शंभरातल्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. शेजारच्या टेबलवाले हसतात, हसू देत.

आणि तिसरं म्हणजे ब्रेक, यावर मात्र ऑफिसात माझं कुणाशी पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेल्या लोकांकडून काही वेळाने खुणा निसटायला लागायच्या, नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने घड्याळाच्या काट्यासारखं यंत्र करून हे तपासलं, १९४८ मध्ये छापलं, तर पहिल्या अर्ध्या तासातच नजर ढिली पडते असं निघालं. टूबी जुळवणं म्हणजे तेच की, हजार ओळी बरोबर आणि मधे एक चुकीची. म्हणून अर्धा तास झाला की मी उठतो. आमच्या साहेबांना वाटतं हा चहाला फार जातो, आणि त्यांना मॅकवर्थ सांगण्यात काही अर्थ नाही, ते म्हणतील मग जा रडारवरच बस.