दाढीचा साबण: स्टिअरिक ६५ टक्क्यांवर

तेलं आणि स्टिअरिक (मेणासारखं घन स्निग्धाम्ल) यांच्या एकूण वजनात स्टिअरिक ४० टक्के असेल तर फेस भरभर उठतो, पण गालावर लवकर विरतो. म्हणून प्रमाण वाढवलंय. खोबरेलातलं लॉरिक हे स्निग्धाम्ल मोठे बुडबुडे देतं. दाट, टिकाऊ फेस स्टिअरिकचा.

सध्याचं माप: स्टिअरिक २६० ग्रॅम, खोबरेल १००, एरंडेल ४०. पोटॅशियम हायड्रॉक्साइड (९० टक्के शुद्ध) ५५, कॉस्टिक सोडा (९८ टक्के) २४, डिस्टिल्ड पाणी २००, शेवटी ग्लिसरीन ३०. अल्कली (म्हणजे हे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि सोडा) सगळ्या स्निग्धाम्लांना लागेल त्यापेक्षा सुमारे ५ टक्के कमी धरली आहे. नुसत्या सोड्याने वडी इतकी कडक होते की ब्रशला साबण लागत नाही. नुसत्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ती मऊच राहते.

स्टिअरिकचं आम्लमूल्य (एका ग्रॅमला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं ते) २०८ धरलंय. बाजारातल्या स्टिअरिकमध्ये बहुधा निम्म्याच्या आसपास पामिटिक हे दुसरं स्निग्धाम्ल असतं आणि ते ५५ अंशांच्या आगेमागे वितळतं. शुद्ध स्टिअरिक ६९ अंशांना वितळतं, त्याचं आम्लमूल्य १९७. ते वापरून अल्कली हीच ठेवली, तर ५ टक्क्यांची सूट दोनच्याही खाली येते. पुरवठादाराकडून तपासणीचा कागद मागून घ्याच.

सगळ्यात जास्त घोळ मिसळताना होतो. स्टिअरिक हे मोकळं आम्ल असल्याने अल्कली लागताच साबण बनतो, आणि द्रावण थंड असेल तर न वितळलेले पांढरे दाणे आत अडकतात. म्हणून स्टीलच्या भांड्यात (ॲल्युमिनियम अजिबात नको, अल्कली ते खाते आणि हायड्रोजन सुटतो) आधी खोबरेल-एरंडेलात सगळं अल्कली द्रावण (डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलेली अल्कली) घालून वॉटर बाथवर (उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून) ८० अंशांना घोटायचं. मिश्रण एकजीव झालं की ८० अंशांना वितळवलेलं स्टिअरिक थोडं थोडं ओतायचं. ब्लेंडर इथे अडतो. जाड लाकडी उलथनंच बरं. झाकून तासभर शिजवायचं, मग ग्लिसरीन. स्टिअरिकमधून ग्लिसरीन सुटत नाही, ते वरून घालावंच लागतं. सुगंध ६० अंशांखाली.

हातमोजे, चष्मा हवेतच. अल्कली पाण्यात टाकायची, पाणी अल्कलीवर नाही.

बोअरच्या पाण्यात फेस बसतो, कॅल्शियम स्टिअरेटचा साका धरतो. त्यावर ४ ग्रॅम निर्जल सायट्रिक ॲसिड मापातल्या डिस्टिल्ड पाण्यात घालून कॉस्टिक सोडा २.५ ग्रॅमने वाढवा.

पुढच्या बॅचला ४० ग्रॅम स्टिअरिकऐवजी कोकमतेल घालायचंय. त्यातही स्टिअरिकच जास्त, पण ते ग्लिसरीनशी बांधलेलं. अल्कली पुन्हा मोजावी लागेल.