जिन्याच्या दिव्यांची बचत

नेरुळमधल्या चाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीचे हिशेब मी लिहिते. गेल्या वर्षी तिच्या गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर बसलं. खर्च १० लाख ६० हजार. २८ सभासदांनी प्रत्येकी २५ हजार दिले, उरलेले ३ लाख ६० हजार सिंकिंग फंडातून, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी सगळे सभासद भरतात त्या राखीव निधीतून काढले. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या कॉमन मीटरला किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे. ती आल्यावर फंड भरून निघाला. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचं बिल महिन्याला सरासरी वीस हजारांनी उतरलं.

या वीस हजारांवरून विशेष सर्वसाधारण सभा पेटली. पैसे भरलेले म्हणाले, बचत आमच्यातच वाटा. २८ जणांत वाटली तर ७१४ रुपये, चाळिसांत वाटली तर ५००. कमिटीच्या सांगण्यावरून तसा तक्ता मीच करून नेला होता.

पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या. काकांच्या डायलिसिसमुळे तेव्हा त्यांना पैसे जमले नव्हते, पण त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. मेंटेनन्सच्या बिलावर सिंकिंग फंडाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा मी दर महिन्याला भरते ना ताई? मग सबसिडी येईपर्यंत जे पैसे गेले, त्यात माझे नव्हते? आणि गच्ची कोणाची?"

माझ्या तक्त्यात ही ओळच नव्हती. हिशेब लिहिणारीला ती दिसायला हवी होती, फार लाज वाटली. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, लिफ्टचा खर्च आणि सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखंच. वर्गणी न दिलेल्या बारा घरांना वेगळा दर लावायला आधारच नव्हता. पण २८ जणांचे पैसेही घामाचेच.

तिथेच पाठकोऱ्या कागदावर नव्याने मांडलं. वर्गणी हे सभासदांनी सोसायटीला दिलेलं कर्ज धरायचं. मेंटेनन्स सगळ्यांना जुनंच, आणि बचतीतून आधी ७ लाख फेडायचे. नुसते ३५ महिने लागतात, एफडीइतकं व्याज धरून साधारण ४०. पावसाळ्यात वीज कमी बनते, ते या सरासरीत आलंच. फेड संपली की बचत चाळीसही घरांची. सोलरच्या स्टँडचे बोल्ट वरच्या मजल्याच्या डोक्यावर, म्हणून गळतीचा खर्च सोसायटीचा, हेही ठरावात घातलं.

ठराव २६ विरुद्ध ९ असा मंजूर झाला. विरोधातले एक काका म्हणाले, "आम्ही कर्ज नव्हतं दिलं, भांडवल घातलं होतं. बुडालं असतं तर कोणी भरून दिलं असतं?" त्यांचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. त्यांचे शब्द इतिवृत्तात जसेच्या तसे उतरवले आणि खाली त्यांची सही घेतली.