एन गेदीच्या कातळावरचा शाफान

सकाळचे आठ वाजत होते. मृत समुद्राकाठच्या एन गेदीत, नाहाल दाविद ओढ्याच्या वाटेवर, एका कातळावर तो ऊन खात बसला होता. मोठ्या सशाएवढा, कान मात्र बारीक, आणि शेपूट नाहीच. मी चार पावलांवर थांबले, तरी तो हलला नाही. तोंडात काही दिसत नव्हतं, पण खालचा जबडा आडवा फिरत होता. दुपारच्या वेळी गोठ्यात बसलेल्या गाईचा फिरतो ना, अगदी तसा.

हा शाफान, हे त्याचं हिब्रू नाव. मराठीत त्याला नाव नाही, कारण आपल्याकडे तो सापडतच नाही. केडगावात बसून मूळ हिब्रूवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंची मला तिथे फार आठवण झाली. न पाहिलेल्या जनावरांना शब्द शोधायचे, ही केवढी मेहनत!

तोरा म्हणजे यहुद्यांचा धर्मग्रंथ. त्यातल्या लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात खाण्याजोग्या जनावरांची कसोटी सांगितली आहे. खूर दुभंगलेला हवा आणि रवंथ करणारं हवं. गाय, मेंढी, शेळी, हरीण दोन्हीत बसतात. मग एकच खूण असलेली चार जनावरं नावानिशी वेगळी काढली आहेत. उंट, शाफान आणि ससा रवंथ करतात, पण खूर दुभंगलेला नाही. डुकराचा खूर दुभंगलेला आहे, पण ते रवंथ करत नाही.

हा उतारा मी पूर्वी वाचला होता, तेव्हा शाफानपाशी अडखळले होते. प्राणिशास्त्र सांगतं की तो पोटातला घास पुन्हा तोंडात आणून चावत नाही, म्हणजे खरा रवंथ करत नाही. त्याचं जवळचं नातं तर हत्तीशी! मग ग्रंथात ही चूक कशी? कातळासमोर दहा मिनिटं उभी राहिल्यावर तो प्रश्नच मला फिका वाटू लागला. ही वर्गवारी पोट चिरून केलेली नाही. शेरडं-मेंढरं राखणाऱ्या माणसाने उन्हात बसून जे पाहिलं, त्यावरून ती केली आहे. जबडा फिरतोय ना? मग रवंथ. पाऊल पाहिलं, तर पुढच्या पायाला चार बोटं, तळवा रबरासारखा मऊ, दुभंगलेल्या खुराचा पत्ता नाही. दोन्ही खुणा लांबून, जनावराला हात न लावता दिसतात.

तेवढ्यात वरून खडे घरंगळत आले. मान वर केली तर सुळक्याच्या कडेवर याएल उभा होता, इथला रानबोकड. शिंगं मागे वळून पार पाठीपर्यंत गेलेली. शौल राजापासून लपत दावीद याच भागात आला होता, आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इथल्या खडकांचं नावच ‘याएलांचे खडक’ असं आहे. स्तोत्रसंहितेतल्या १०४व्या स्तोत्रात उंच डोंगर याएलांचे आणि कडे शाफानांचा आसरा, असं एकाच ओळीत म्हटलंय. तिथे दोघं शेजारी, आहाराच्या नियमात मात्र एक या बाजूला, दुसरा त्या. म्हणजे ग्रंथात गट एकच नाही. कुठे राहतो यावरून एक, पाय कसा यावरून दुसरा. नीतिसूत्रांत तर शाफान मुंगी आणि टोळाच्या पंगतीला बसतो, लहान पण शहाण्या जीवांमध्ये. मला हे फार आवडतं.

दोन दिवस आधी जेरुसलेमचं बायबल प्राणिसंग्रहालय पाहिलं होतं. प्राणिशास्त्रज्ञ आहरोन शुलोव यांनी ते १९४० मध्ये सुरू केलं, मल्हाच्या दरीत ते १९९३ मध्ये आलं. पिंजऱ्यांबाहेर त्या त्या प्राण्याची वचनं लावली आहेत. तिथे गिधाडांसमोर मी बराच वेळ बसले. हिब्रूतला ‘नेशेर’ भाषांतरांत गरुड होतो, पण मीखा संदेष्टा ‘नेशेरसारखं टक्कल कर’ म्हणतो, आणि टक्कल असतं ते गिधाडाला! निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत पहिला हाच, आणि शेवटी चक्क वटवाघूळ. कारण तिथला शब्द आहे ‘ओफ’, म्हणजे उडणारा. पिसं आहेत की कातडी, हे कोण बघतो? आकाशात उडतं ते एका गटात, पाण्यात राहतं ते दुसऱ्या.

पाण्यातल्यांची खूण, म्हणजे पर आणि खवले, मला दिमोनात बघायला मिळाली. नेगेवच्या वाळवंटातल्या या गावात कोकणातून आलेले बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, मोठ्या संख्येने राहतात. ओळखीतून एका मावशींकडे जेवायला बोलावणं होतं. मूळच्या रेवदंड्याच्या. दारातच म्हणाल्या, ‘‘ये गं, चपला राहू दे, पाय धू.’’ मला भरूनच आलं.

कोकणात या समाजाला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. हिब्रू भाषा विस्मरणात गेली होती, प्रार्थनेतलं ‘शेमा इस्रायल’ तेवढं टिकलं होतं. त्यांच्यात परंपरेने सांगितलं जातं की दाऊद रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या यहुद्याने पारख करण्यासाठी बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला सारले, आणि त्याची खात्री पटली. ग्रंथ हाती नव्हता, पण वर्गवारी हातात होती.

मावशींना मी हे विचारलं, तेव्हा त्या ओट्याशी मासा साफ करत होत्या. ‘‘आमची आई कोळणीच्या पाटीपाशी बसायची ना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कोळंबी, मुशी, शिंगाळा असलं सगळं सोडायची. रावस घेतला तरी आधी असं करून बघायची.’’ त्यांनी अंगठ्याचं नख माशाच्या शेपटाकडून डोक्याकडे सरकवलं. एक खवला अलगद सुटून नखावर आला, पाण्याच्या थेंबासारखा चमकणारा. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि कढईत तेल घातलं.