हवेची उशी

साताऱ्याची मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली आणि सहाव्या दिवशी मी तिला ओझू या जपानी दिग्दर्शकाचा सिनेमा दाखवायला काढला. बायको म्हणाली, "अरे, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गुन्हा नाही केला तिने."

मला जपानी, कोरियन, हाँगकाँगच्या सिनेमांचा नाद आहे असं मी सगळ्यांना सांगतो. घरच्यांचं म्हणणं, मला तो बघण्याचा नाही, दाखवण्याचा नाद आहे. यात तथ्य आहे. पाहुण्यांच्या पानात पुरणपोळी वाढून घरची बाई जशी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहते, तसा मी बसतो. पडद्यावरचं मला पाठ असतं. माझं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे. आता हसेल, आता सरसावून बसेल. आणि नेमक्या त्या क्षणी शेजारी मोबाइलचा उजेड पडला की पोळी अर्धवट टाकून पाहुणा हात धुवायला उठल्यासारखं होतं.

मला लागण झाली ती पुण्यात, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात. एका मित्राने ओढून नेलं होतं. सिनेमा कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’, 1954 सालचा, 207 मिनिटांचा. एवढा लांब की मध्यंतर दिग्दर्शकानेच सिनेमात घालून ठेवलंय. बाहेर चहा घेताना मित्राने "कसा वाटतोय?" असं विचारलं नाही. त्याने विचारलं, "सातांतला कोण?" मी म्हटलं, तो कमी बोलणारा, तलवारीत तरबेज असलेला. त्याचा चेहरा पडला. त्याचा जीव तोशिरो मिफुनेच्या त्या आरडाओरडा करणाऱ्या, माकडउड्या मारणाऱ्या गड्यात अडकला होता. आमची मैत्री आणि आमचं भांडण दोन्ही त्या चहापासून चालू आहे.

बायकोने फार टोकलं की मी सत्यजित राय यांना पुढे करतो. कलकत्त्यात कुरोसावाचा ‘रशोमोन’ आला तेव्हा त्यांनी तो लागोपाठ तीन दिवस पाहिला, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. "त्यांनी नंतर सिनेमे काढले," बायको म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आमच्या संप्रदायात पंथ पुष्कळ. कुरोसावावाले बोलके, पाऊस, वारा, चिखल आणि घोडे यांवर तासभर बोलतील आणि बोलताना हातातली छत्री कुणाच्या तरी कानाजवळून जाईल. वाँग कार-वाई हा हाँगकाँगचा, अधुऱ्या प्रेमाचे सिनेमे काढणारा; त्याच्या भक्तांचं कॉलेजात काहीतरी राहून गेलेलं असतं. कोरियन सूडपटवाले सगळ्यांत गरीब स्वभावाचे. ‘ओल्डबॉय’मधली हातोडीची मारामारी, ती अख्खी बोळातली, एका शॉटमध्ये घेतलेली, एक जण मला घाव न घाव सांगतो, त्याच्या घरात झुरळ निघालं तर तो पलंगावर चढून बायकोला हाक मारतो. मियाझाकीवाले, म्हणजे जपानी ॲनिमेशनवाले, खाण्यावर येतात. ओझूवाले थोडे. भेटले की एकमेकांकडे बघून मान हलवतात, झाली चर्चा.

या लोकांच्या वाऱ्याही असतात. वाँग कार-वाई पंथातली एक मैत्रीण ऑफिसच्या कामाने हाँगकाँगला गेली होती. ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’मध्ये डोंगर चढत जाणारा एक सरकता जिना आहे आणि त्यावरून पोलिसाच्या खोलीत थेट डोकावता येतं. जिना खरा, 1993 मध्ये सुरू झालेला. खोलीही खरी, ती छायालेखक ख्रिस्तोफर डॉयल यांचं तेव्हाचं राहतं घर. आमची बाई मीटिंगच्या आधी म्हणून सकाळी आठला तिथे हजर. तर जिना खाली येतोय. वर राहणारी माणसं सकाळी कामाला खाली उतरतात म्हणून दहापर्यंत तो खालीच येतो, मग उलटा फिरून रात्रीपर्यंत वर जातो. ऑफिसला निघालेलं अख्खं हाँगकाँग समोरून सरकत उतरतंय आणि ही शेजारच्या पायऱ्यांनी लॅपटॉपची बॅग घेऊन धापा टाकत वर, लोकांच्या खिडक्यांत बघत. "कुणी पोलीस दिसला का?" मी विचारलं. "दिसला असता तर मलाच धरलं असतं," ती म्हणाली.

दुसरा मित्र टोकियोत, निशी-कासाईला राहतो. तिथे आपली इतकी माणसं आहेत की कांदेपोह्यांसाठी पोहे शोधत फिरावं लागत नाही. तो एका रविवारी किता-कामाकुराला गेला. स्टेशनला लागूनच एंगाकु-जी नावाचा मठ, तिथे ओझूची समाधी. दगडावर नाव नाही, एकच अक्षर कोरलेलं: ‘मु’. ओझू गेला 12 डिसेंबर 1963 ला. त्या दिवशी त्याचा साठावा वाढदिवस होता. माणसाने आयुष्यसुद्धा असं मोजून कापावं की पुढच्या शॉटला जोड दिसू नये. भक्त येतात आणि त्याच्या आवडीची म्हणून दारूची बाटली ठेवून जातात. आमचा मित्र घेत नाही. त्याने बॅगेत होता तो बाकरवडीचा पुडा ठेवला, फोटो काढून मला पाठवला आणि मग जपानी शिस्तीला घाबरून पुडा परत उचलला. ‘मु’ म्हणजे काय, असं मी विचारलं. शून्य, अभाव, नसणं असं बरंच काही त्याने टाइप केलं आणि मग लिहिलं, "आपण म्हणतो ना, ‘काही नाही’. ते."

आमच्या अडचणीचं मूळ म्हणजे सबटायटल. जपानी येत नाही, कोरियन येत नाही. जे कळतं ते इंग्रजीच्या गाळणीतून. गाळणारा चांगला असला तर मजा असते. कोरियन ‘पॅरासाइट’मध्ये मालकीणबाई फोनवरून एक पदार्थ करायला सांगतात. मुळात ते ‘चापागुरी’: दोन निराळ्या पाकिटांतल्या नूडल्स एकाच पातेल्यात, आणि श्रीमंताचं घर म्हणून वर उंची बीफ. सोलमध्ये राहणारा अमेरिकन समीक्षक डार्सी पॅकेट याने सबटायटल करताना रामेन आणि उदोन ही नूडल्सची दोन नावं जोडून ‘राम-डॉन’ असा शब्द पाडला. या नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. आता लोक त्या नावाने करून खातात.

पण नात्यागोत्याचं इंग्रजीला जमत नाही. कोरियन मुलगी मोठ्या भावाला एक म्हणते, मुलगा दुसरंच. खाली लिहून येतं ते त्या भावाचं नाव. आपल्याकडे दादाला कुणी नावाने हाक मारली तर आधी कानाखाली बसायची. आमची भाची ‘ट्रेन टू बुसान’ बघत होती. शेवटाकडे ती लहान मुलगी जिवाच्या आकांताने "अप्पा! अप्पा!" ओरडते. कोरियनमध्ये अप्पा म्हणजे बाबा. आमच्याकडे आप्पा म्हणजे माझे सासरे, आणि ते गॅलरीत पेपर वाचत होते. "आलो, आलो" करत ते आत आले, काय झालं म्हणून विचारलं आणि दारातच उभे राहिले. "ती का रडतीये?" "तिचा बाप चाललाय." आप्पा खुर्ची ओढून बसले. आधीचे दीड तास झाँबींनी माणसं खाल्लेली त्यांना अजून माहीत नाहीत. त्यांच्या लेखी तो बापलेकीचा सिनेमा आहे.

तर मावशी. डोळ्यावर काळा चष्मा, नवा नंबर मिळायला महिना, त्यामुळे खालची अक्षरं वाचणं बंद. मी म्हटलं, मी मराठीत वाचून दाखवतो. सिनेमा ‘टोकियो स्टोरी’, 1953. मी नेहमीप्रमाणे प्रस्तावना केली: ओझूचा कॅमेरा बघ, जमिनीपासून हातभर उंचीवर असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर देणारा. यावर मी लोकांना अर्धा अर्धा तास पकडून ठेवलेलं आहे. मावशी म्हणाली, "बरोबरच आहे. आपण खाली बसूनच बोलायचो की."

सिनेमा सुरू. ओनोमिचीत राहणारं म्हातारं जोडपं टोकियोतल्या मुलांकडे निघालंय. सामान भरताना म्हातारी विचारते, हवेची उशी तुमच्याकडे आहे ना? तो म्हणतो, तुझ्याकडेच दिली होती. नाही, माझ्याकडे नाही. मी वाचलं, "अहो, माझ्याकडे नाही." इंग्रजीत ‘अहो’ नव्हतं, माझ्या तोंडून आपोआप गेलं. आणि तेवढ्याने ती दोघं आमच्या पलंगावर येऊन बसली. सूनबाई, वन्सं, वहिनी, अहो, अगं. मी बोलत गेलो आणि जे सगळं ‘यू’ नावाच्या एका पोत्यात कोंबलेलं होतं ते आपापल्या जागी जाऊन बसत गेलं. मी हा सिनेमा चौदा वेळा पाहिला असेन. पहिल्यांदा ऐकत होतो, तोही माझ्याच आवाजात. पुढे उशी म्हाताऱ्याच्याच सामानात निघते. मावशी इतकी हसली की मी तिला डोळ्याची आठवण करून दिली. "आमच्याकडे यांची कानटोपी," ती म्हणाली. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली.

टोकियोत मुलगा डॉक्टर. रविवारी सगळ्यांना फिरायला न्यायचं ठरतं आणि ऐन वेळी पेशंट येतो. मावशी लगेच म्हणाली, "डॉक्टर आहे, काय करणार बिचारा." मुलीचं ब्यूटी पार्लर. तिचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगला खाऊ आणतो तर ही म्हणते, एवढा महागाचा कशाला आणायचा. यावर मावशी काही बोलली नाही. मग भावंडं पैसे काढून आईबापांना अतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात. हिंडवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. "हवा चांगली आहे, जाऊन या," मावशी पडद्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे नको."

पुढे आई अत्यवस्थ असल्याची तार येते आणि गावी निघताना ती मुलगी विचार करून सुतकाचे कपडे बरोबर घेते. वीस वर्षं मी त्या मुलीला खलनायिका धरून चाललोय. दर वेळी इथे मी शेजारी वळून बघतो. संतापाची माझी हक्काची जागा आहे ती. मावशी शांत होती. "व्यवहारी आहे," ती म्हणाली, "घरात अशी एक लागते, नाहीतर वेळेला कुणालाच काही सुचत नाही." मी सबटायटल दोन ओळी मागे राहिलो.

खरा पेच शेवटी आला. या म्हाताऱ्यांचा एक मुलगा युद्धात गेलेला. त्याची बायको नोरिको. सगळ्यात जास्त तिनेच केलेलं. आई गेल्यावर म्हातारा सासरा तिला सांगतो की पोटची मुलं असून, जिचं आमचं रक्ताचं नातं नाही त्या तूच आमचं जास्त केलंस. हे वाक्य जवळ येतंय हे मला ठाऊक होतं. मात्र ते कुणापुढे, कुणाच्या घरात बसून वाचायचंय हे वाक्य दिसेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. मावशीचा मुलगा ठाण्याला. रोज रात्री सव्वानऊला त्याचा फोन येत होता. त्याला रजा मिळत नव्हती, आणि हे अगदी खरं होतं.

मी काहीतरी पुटपुटलो.

"काय म्हणाला तो? मोठ्याने वाच."

मी मोठ्याने वाचलं. बायकोचं घड्याळ सासऱ्याने नोरिकोला त्याआधीच दिलेलं. आता ती तोंड झाकून रडते. तिथे वाचायला फारसं काही नव्हतं. मावशीने काळा चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"काय झालं गं?"

"काही नाही. ड्रॉप्स घालायची वेळ झाली ना?"

झाली नव्हती. मी घातले.

मावशी साताऱ्याला गेली. दीड महिन्याने फोन आला. नवा चष्मा झकास आहे, भिंतीवरच्या पाली सुद्धा दिसतात. आणि तो उशीचा पिक्चर घेऊन रविवारी ये. आमच्या भजनी मंडळाला बघायचाय. मी म्हटलं, मावशी, तीन तासांहून कमी आहे पण हळू आहे, जुना आहे, काळापांढरा आहे. "मी सांगितलीय त्यांना गोष्ट," ती म्हणाली. काय सांगितलं ते मला नंतर कळलं. तिच्या गोष्टीत ओनोमिचीतल्या त्या घराला पडवी आहे, नोरिकोचं नाव नलिनी झालंय आणि कॅमेरा कुठेच नाही.

अकरा बायका, दोन सतरंज्या, गुडघेदुखीवाल्या चौघींना खुर्च्या. मी लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली आणि घसा साफ करून सांगायला लागलो की ओझूचा कॅमेरा जमिनीपासून… "ते राहू दे," मावशी म्हणाली, "वाच."

म्हातारा-म्हातारी सामान भरायला बसली. मी वाचलं, "अहो, हवेची उशी तुमच्याकडे आहे ना?" मावशी खुर्ची तिरकी करून, टीव्हीकडे पाठ जाईल अशी बसली होती. मी पुढचं वाचलं, "अगं, तुझ्याकडेच दिली मी." बायका पुढे सरकल्या. मावशी एकीच्या तोंडाकडे बघे, मग दुसरीच्या, मग पुन्हा पहिलीच्या, आणि अखेर तिला राहवलं नाही.

"त्याच्याच सामानात आहे बरं का!"

मागून कुणीतरी म्हणालं, "शू."