पिकपला नक्की किती एचपी लागतात?

चुलतभावाला पिकप घ्यायचीये आणि त्याचं एकच पालुपद, दादा ७५ एचपीत काय होणार, सासवड-पुणे रस्त्यावरच्या दिवेघाटात गाडी दम तोडेल. त्याच्या डोळ्यासमोर टोयोटाची हायलक्स आहे, २०४ पीएसवाली (पीएस म्हणजे जवळपास एचपीच). गाडी भारीच आहे ती, प्रश्नच नाही. पण आपलं काम काय, तर सासवडहून अंजीर-सीताफळाचे क्रेट भरायचे आणि पहाटे पुण्याचं मार्केटयार्ड गाठायचं.

मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. गाडी आणि माल मिळून ३ टन धरा, १०० मीटरला ६ मीटर असा चढ धरा, ताशी ३० ने चढायचंय. चाकाला लागतात साधारण २५ एचपी. ४० ने चढायचं म्हटलं तरी ३३ च्या आसपास! मग बोलेरो पिकपचे ७५ कमी कसे पडतील? टाटाचा छोटा हत्ती २००५ साली आला तेव्हा त्याला ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं, फक्त १६ एचपी, आणि त्याच्यावर कितीतरी लोकांनी धंदे उभे केले. हळू चालायचा, पण चालायचा.

खरं बघायचं ते टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवायची ताकद (ती एनएममध्ये मोजतात), आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो ते. बोलेरोला २०० एनएमच्या आसपास आहे पण तो दीड-दोन हजारालाच मिळतो, म्हणून भरलेली गाडी चढावर थांबून परत उचलताना फार रेस करावी लागत नाही आणि क्लच जळायचा वास येत नाही. एचपी कामाला येतात ते स्पीडला, भरल्या गाडीने हायवेला ओव्हरटेक मारायचा असेल तेव्हा. अमेरिकेत लोक फोर्ड एफ-१५० ला मागे तीन-चार टनांचा ट्रेलर जोडून हायवेच्या स्पीडने जातात, त्यांना ४०० एचपी लागत असतील तर ते बरोबरच आहे, त्यांचं कामच तसं आहे.

आणि एक गोष्ट तो विसरतोच, पुण्याकडे माल घेऊन जाताना दिवेघाट आपल्याला उतार आहे. चढायचं परत येताना, तेव्हा मागे पेंडीची चार-सहा पोती नाहीतर नुसते रिकामे क्रेट. म्हणजे भरलेल्या गाडीची खरी परीक्षा ब्रेकची, आणि तिथे २०४ पीएसचा काय उपयोग? गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर धरून इंजिनच्या जोरावर उतरवायची, न्यूट्रल तर अजिबात करायची नाही. मला काळजी याची वाटते की एचपी जास्त म्हणून लोक हौद्यात अर्धा टन जादा टाकतात, पण पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर, ब्रेक त्या वजनासाठी बनवलेलेच नसतात ना.

रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन काही कळत नाही. रविवारी आम्ही शेजारच्यांची पिकप मागून घेतोय, पासिंगएवढा, म्हणजे कागदावर परवानगी आहे तेवढा लोड भरून भाऊ घाट उतरवणार आणि तेवढाच लोड घेऊन परत चढवणार, मी बाजूला बसणार. बुकिंगचं सोमवारी बघू.