काकूंची न वाजणारी बासरी

टूर मॅनेजर म्हणून आठ वर्षं झाली, हरवलेले पासपोर्ट, सुटलेल्या फ्लाइट, सगळं बघून झालंय, पण मोरोक्कोत शेफशाऊनला जे झालं ते वेगळंच. निळ्या गल्ल्यांमध्ये दिवसभर फोटो काढून सगळे दमलेले, आणि रात्री जेवताना ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, "अरे नातवाला बासरी घेतली पण वाजतच नाही रे मेली." बघतो तर हातभर लांब बारीक लाकडी नळी, नक्षी केलेली, दोन तुकडे मध्ये धातूच्या कड्याने जोडलेले, आणि टोकाला मातीची इवलीशी वाटी. भोक एकही नाही. वास घेतला आणि माझी झोपच उडाली.

सेबसी होती ती. रिफच्या डोंगरात कीफ ओढायची पाइप. कीफ म्हणजे गांजा अगदी बारीक चिरून त्यात तंबाखू मिसळायचा. आणि काकूंनी घेतली ती वापरलेली, वाटीत काळं किटण घट्ट बसलेलं. तिकडे 2021 च्या कायद्याने औषधी आणि इंडस्ट्रियल वापरासाठी लागवड सुरू झालीय, तीही सुरुवातीला तीनच प्रांतांत, ओढणं काही लीगल नाही. आणि आपल्याकडे मुंबईला उतरल्यावर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, ते तर बोलायलाच नको.

सकाळी बस थांबवून, लोकल गाइड आणि काकूंना घेऊन दुकानात गेलो. म्हातारे दुकानदार पोट धरून हसले. मग त्यांनी वाटी उपटली आणि सरळ कचऱ्यात टाकली. म्हणाले, हा श्काफ, फुटला की नवा लावायचा, दोन-चार झुरक्यांपुरता तर असतो, जपायची ती नळी. श्काफ म्हणजे अरबीत खापराचा तुकडा, हे गाइडने सांगितलं तेव्हा मला एकदम आपली चिलीम आठवली, पण ती मुठीत धरून ओल्या छापीतून, म्हणजे फडक्यातून ओढतात, इथे ते धूर गार करायचं काम लांब नळी करते. (मी ओढत नाही, गावाकडे बघितलंय.) फ्रेंचांच्या काळात हा कीफ तंबाखूसारखा सरकारी मक्तेदारीत विकला जायचा, बंदी 1954 ची. 60 च्या दशकानंतर चरस बनवायला लागले, आता पोरं सिगारेटमध्ये तेच भरतात, सेबसी कोण घेतो, टुरिस्टच, असं म्हातारबाबा म्हणाले. म्हणताना हसत नव्हते.

मी म्हटलं कोरी नळी द्या, वाटी नको. काकूंना मात्र जुनीच नक्षी पाहिजे होती, "अरे ती किती सुबक होती" म्हणून अर्धा तास घासाघीस, बसमधून फोनवर फोन. शेवटी कोरी घेतली, वर वीस दिरहम परत मिळवले!

मुंबईला कस्टमवाल्याने बॅगेतून नेमकी तीच काढली. मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "बासरी आहे." त्याने उलटीसुलटी केली, वास घेतला, एका डोळ्याने आरपार बघितलं आणि विचारलं, "मावशी, भोकं कुठायत?"